मलमलची टिचबटणांची बंडी : दोन उन्हाळे वापरल्यानंतर

ही बंडी दुकानात तयार मिळत नाही. कापड मी नागपूरच्या गांधीबागेतून आणलं, शिवली आमच्या कॉलनीतल्या टेलरभाऊंनी आणि घालतात आमचे हे. यांना २०१७ पासून कंपवात आहे, म्हणजे पार्किन्सन्स. एप्रिल २०२४ मध्ये पहिल्या दोन शिवून घेतल्या, आज घरात नऊ आहेत. ज्यांच्या घरी कंपवाताचं माणूस रात्री घामाने चिंब होऊन उठतं, त्यांच्यासाठी कापडाच्या भावापासून काखेतल्या डागापर्यंत सगळं लिहिते आहे.

आधी घामाबद्दल सांगते. तो घाम पाहिल्याशिवाय ही बंडी अशी का शिवली, ते कळणार नाही.

हे कोराडीच्या वीज केंद्रात ३१ वर्षं नोकरीला होते. बॉयलरच्या बाजूला उभं राहून काम केलेला माणूस, उकाड्याची यांना कधी भीती नव्हती. जानेवारी २०२२ मधली गोष्ट. नागपूरची थंडी तुम्हाला ठाऊक आहे, अंगावर दोन ब्लँकेटं होती. रात्री सव्वातीनला यांच्या कण्हण्याने मला जाग आली. पाठीवर हात ठेवला तर कुणी बादली उपडी केल्यासारखी पाठ ओली. उशीचा अभ्रा काढला तर ओल आतल्या कापसापर्यंत गेलेली. डोकं, मान, छाती भिजलेली आणि तळपाय मात्र बर्फासारखे गार. तोंड लालबुंद. म्हणाले, "अगं, आतून भट्टी पेटल्यासारखं होतंय." दहा-पंधरा मिनिटांनी भट्टी विझली आणि मग थंडीने दात वाजायला लागले.

मला ते लगेच ओळखू आलं. पाळी जायच्या वेळी, पन्नाशीच्या आसपास, माझ्या अंगातून अशाच गरम वाफा निघायच्या. मानेपासून सुरू होऊन डोक्यापर्यंत चढायच्या. तेव्हा हेच उठून पंखा वाढवायचे आणि ओला पंचा आणून द्यायचे. म्हणून यांनी "भट्टी" म्हटल्यावर मला दुसरं काही विचारावं लागलं नाही.

आम्ही पहिल्यांदा ज्या डॉक्टरांकडे गेलो, ते म्हणाले, "वय झालं, नागपूर आहे, घाम येणारच." जानेवारीत! मी काही बोलले नाही, पण घरी येईपर्यंत डोळ्यांत पाणी होतं. पुढे मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "घाम किती वाजता येतो? आणि त्याआधीची शेवटची गोळी किती वाजता?" आम्हाला दोघांनाही नीट सांगता येईना. म्हणाले, तीन आठवडे लिहून आणा.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मी दुधाचा हिशेब लिहिते, त्याच चौकोनांत लाल पेनाने घामाची वेळ लिहू लागले. २१ रात्रींपैकी १४ रात्री घाम. त्यातल्या १२ वेळा तीन ते चारच्या दरम्यान. शेवटची गोळी रात्री साडेनऊची. ते पान डॉक्टरांनी दोन मिनिटं पाहिलं आणि मग समजावून सांगितलं. शरीराचं तापमान सांभाळणं, घाम सोडणं, रक्तदाब, पोट, लघवी ही कामं ज्या मज्जासंस्थेकडे असतात, तिलाही हा आजार धरतो. त्यात गोळीचा अंमल उतरला, की ज्याला आपण 'ऑफ' म्हणतो, तेव्हा कुणाचे हातपाय जखडतात, कुणाला घाबरं होतं, कुणाला घामाचा लोंढा येतो. काहींना उलटं होतं, गोळी ऐन भरात असताना अंग वेडंवाकडं हलतं आणि त्या हालचालींबरोबर घाम येतो. म्हणून वेळ लिहायची. वेळ कळल्याशिवाय औषधात काय बदलायचं ते डॉक्टरांनाही कळत नाही.

पण त्यांनी लगेच सगळं कंपवातावर ढकललं नाही, हे मला फार आवडलं. थायरॉइड, साखर, रक्त आणि छातीचा एक्स-रे आधी करायला लावले. रात्रीचा घाम क्षयातही येतो, साखर उतरली तरी येतो. डिप्रेशनची गोळी चालू आहे का, तेही विचारलं, त्या गोळ्यांपैकी काहींनी घाम वाढतो म्हणे. सगळं नीट निघालं, तेव्हा रात्रीच्या औषधाची वेळ आणि प्रकार बदलला. पुढच्या तीन आठवड्यांत १४ च्या जागी ६ रात्री झाल्या. काय बदललं ते इथे लिहीत नाही, कारण ते यांच्यापुरतं आहे. तुमचं पान तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

त्या उरलेल्या रात्रींसाठी ही बंडी आहे. ती घाम थांबवत नाही.

आता टी-शर्टची गोष्ट. मार्च २०२४ पर्यंत हे रात्री होजिअरीचा गोल गळ्याचा टी-शर्ट घालायचे. एका रात्री भिजला, मी नेहमीसारखा डोक्यावरून काढायला गेले. ओली होजिअरी कातडीला चिकटते आणि काढताना तिची गुंडाळी होते. डोकं आत, दोन्ही हात वर, कोपरं जखडलेली, आणि ती ओली गुंडाळी नेमकी तोंडावर. यांना श्वास घेता येईना. "काढ, काढ" म्हणत होते, पण आवाज आधीच बारीक झालेला, त्यात कापडाआडून येणारा. मी खाली ओढलं तर जाईना, वर ओढलं तर जाईना. शेवटी स्वयंपाकघरात धावले, दुधाची पिशवी कापायची कात्री आणली आणि टी-शर्ट पाठीतून उभा कापला. त्यानंतर आम्ही दोघं सकाळपर्यंत पलंगावर बसून होतो.

सकाळी चहा घेताना हेच म्हणाले, "अगं, आजोबा बाराबंदी घालायचे. समोरून उघडायची. तसं काही शिवता येईल का?" कल्पना यांची आहे, मी फक्त पायपीट केली.

गांधीबागेत पहिल्या दुकानात मला ब्लाउजचं टू बाय टू दाखवलं. चांगलं कापड, पण वीण घट्ट. मला हवं होतं बाळाच्या दुपट्याचं कापड, ज्यातून फुंकर मारली की पलीकडे हाताला लागते. दुसऱ्या दुकानातल्या शेटजींनी विचारलं, "माताजी, नातवासाठी पाहिजे का?" मी म्हटलं, यांच्यासाठी. त्यांनी तीन ठाण काढले. त्यातला एक गुळगुळीत आणि चमकदार होता, भाव सगळ्यांत कमी. मी कडेचा धागा मागितला आणि दुकानाबाहेर येऊन काडीने पेटवला. शुद्ध सुताचा धागा कागदासारखा जळतो आणि भुरभुरीत राख होते. यात पॉलिस्टर असलं तर धागा वितळून टोकाला कडक मणी होतो. मणी झाला. मी परत जाऊन काही न बोलता दुसरा ठाण निवडला. शेटजीही काही बोलले नाहीत, कापड मात्र एक वीत जास्त मोजलं.

२०२४ मध्ये १४० रुपये मीटर पडलं. ४४ इंची पन्ह्यात यांच्या मापाच्या एका बंडीला, पाठ दुपदरी धरून, सव्वादोन मीटर लागतं. शिलाई १८० रुपये. म्हणजे एक बंडी ५०० च्या आत. एक गोष्ट विसरू नका, कापड शिवायला देण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, खळ काढून, वाळवून द्या. मलमल आटते. आमची पहिली बंडी दोन धुण्यांत बोटभर आखूड झाली होती.

टेलरभाऊंनी तीन नमुने शिवले आणि तीनही वापरून पाहू दिले, याबद्दल त्यांचे उपकार आहेत. पहिला नमुना बाराबंदीसारखा बंदांचा. दिसायला सुंदर, पण ओल्या बंदाची गाठ रात्री अंधारात सुटत नाही. दुसरा व्हेल्क्रोचा. त्याला धागे आणि केस चिकटतात, भिजला की कडा टोचतात, आणि रात्री तीनला तो उघडताना जो फर्रर्र आवाज येतो, त्याने हे दचकायचे. तिसरा टिचबटणांचा. तोच ठेवला. टिचबटणं लोखंडी घेऊ नका, रोजच्या घामा-पाण्याने गंज धरतो. प्लॅस्टिकची मोठ्या मापाची घ्या. थरथरत्या बोटांना ती लावता येत नाहीत, पण दोन्ही पल्ले धरून ओढले की पाचही टक टक टक सुटतात. हे यांना स्वतःला जमतं. लावायचं काम मी करते, त्याची घाई नसते. घाई सोडायची असते.

टिचबटणाखाली मात्र मलमल एकेरी ठेवून चालत नाही, ओढताना फाटते. दोन्ही पल्ल्यांना आतून जाड सुती पट्टी हवी. हे आम्हाला तिसऱ्या आठवड्यात कळलं.

पाठ दुपदरी ठेवायची कल्पना टेलरभाऊंची. एकेरी मलमल भिजली की कातडीला पाणपोळीसारखी चिकटते आणि आरपार दिसते. दोन पदर असले की आतला पदर घाम ओढतो, बाहेरचा पसरवतो, आणि पाठीला ओल कमी जाणवते. पुढचा भाग एकेरीच. काखेत त्यांनी जुन्या अंगरख्याला असायचा तसा चौबगला, म्हणजे कापडाचा चौकोनी तुकडा, बसवला, त्यामुळे हात अर्धाच वर गेला तरी बाही अडकत नाही. बाह्या कोपरापर्यंत आणि सैल. छातीच्या मापात सहा इंच जास्त धरायला सांगा. कॉलर नको, मानेला आलेला घाम तिथेच साठतो.

घालायचा-काढायचा क्रम फिजिओथेरपिस्टनी शिकवला. जो हात जास्त जखडलेला, तो घालताना आधी आणि काढताना शेवटी. यांचा उजवा. रात्री घाम आला की मी यांना कुशीवर वळवते, टिचबटणं ओढते, ओली बंडी डाव्या हातातून मोकळी करून पाठीमागून सरकवते आणि शेवटी उजव्या हातातून ओढून घेते. डोक्यावरून काहीच जात नाही. मग कोरडा पंचा पाठीवर दाबायचा. घासायचा नाही. घासलं की कातडी लाल होते आणि पुन्हा गरम वाटायला लागतं. मग कोरडी बंडी, जखडलेला हात आधी. सगळं मिळून चार मिनिटं. टी-शर्टला वीस लागायची आणि शेवटी दोघांचीही झोप उडायची. आता हे अर्धवट झोपेतच बदलून घेतात. एकदा सकाळी म्हणाले, "काल घाम आला नाही वाटतं." खुर्चीवर ओली बंडी वाळत होती.

या सगळ्यात यांना झटकन उभं करायचं नाही. कंपवातात उठल्यावर रक्तदाब पडू शकतो, घामाने पाणी गेलेलं असलं तर आणखीच. आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवायचं, अर्धा पेला पाणी द्यायचं, दोन मिनिटं गप्पा मारायच्या, मग लघवीला न्यायचं. २०२३ मध्ये आम्ही ही घाई केली आणि हे न्हाणीघराच्या दारात पडले. भुवईवर चार टाके आले.

डागांबद्दल. महिनाभरात पांढऱ्या बंड्यांच्या काखेत आणि मानेशी तपकिरी डाग दिसू लागले. मला वाटलं, टेलरभाऊंच्या मशीनचं तेल. जाऊन बोलले त्यांना. त्यांनी मशीन उघडून दाखवलं, तेल कुठे नव्हतं. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, लेव्होडोपाने, म्हणजे कंपवाताच्या गोळीतल्या मुख्य औषधाने, घाम, थुंकी, लघवी यांचा रंग गडद होऊ शकतो, कपड्यांना डाग पडतात, त्यात घाबरण्यासारखं नाही. मी परतताना टेलरभाऊंच्या दुकानात थांबले आणि माफी मागितली. ते म्हणाले, "काकू, मी तर विसरलो होतो." मी विसरले नव्हते. तेव्हापासून कोरी, ब्लीच न केलेली, बदामी रंगाची मलमल आणते, डाग तिच्यात मुरून जातो. पांढऱ्या बंड्या साबणाच्या पाण्यात भिजवून कडक उन्हात टाकते. डाग फिका होतो, जात नाही.

आता ऋतूंप्रमाणे सांगते. एप्रिल-मेमध्ये बंडी पूर्ण गुणांची आहे. हवा कोरडी, कूलर चालू, घाम आला तसा उडतो, आणि बाहेर दोरीवर टाकलेली बंडी अर्ध्या तासात कडकडीत वाळते. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यांत तापलेल्या नऊ दिवसांत, तर हे दिवसाही बंडीच घालतात, आणि दुपारी मी मानेवर ओला पंचा ठेवते. कूलरचा झोत अंगावर सरळ घेऊ नका, घाम आटल्यावर हुडहुडी भरते. आम्ही तो पलंगाच्या पायथ्याशी तिरपा ठेवतो, आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी. लाइन गेली तर चार्जिंगचा छोटा पंखा उशाशी असतो.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र अर्धेच गुण. हवेतच इतकी ओल असते की घाम उडायला जागा नसते. तेव्हा कूलरमध्ये पाणी भरलं तर दमटपणा आणखी वाढतो. नुसता पंखा लावायचा. बंडी घरात दोन-दोन दिवस वाळत नाही आणि कोंदट वास धरते. सहा पुरत होत्या त्या पावसाळ्यात पुरेनात, म्हणून नऊ केल्या. तरी मागच्या ऑगस्टमध्ये एका रात्री तीन भिजल्या आणि चौथी मी इस्त्री फिरवून वाळवली.

आणखी एक अडचण आहे आणि ती खरी आहे. कंपवातात कुशीवर वळणं अवघड होतं, म्हणून अनेक जण सॅटिनची चादर वापरायला सांगतात, अंग घसरतं आणि वळता येतं. पण बाजारातलं सॅटिन बहुतेक पॉलिस्टरचं, त्याने घाम दुप्पट जाणवतो. आणि मलमलची बंडी सुती चादरीवर अडकते, वळता येत नाही. दोन्ही कसं जमवायचं? मी माझ्या आईचं एक जुनं रेशमी लुगडं फाडलं. फाडताना जीव तुटला. त्याचा दोन हात रुंद पट्टा सुती चादरीवर आडवा घातला, फक्त कमरेखाली. वळताना कंबर घसरते, पाठ मात्र सुतावर राहते. पट्टा पलंगाच्या कडेपर्यंत आणायचा नाही, कडेला बसताना माणूस घसरून पडेल. गादीखाली खोचून पक्का करायचा.

ऑनलाइन मागवलेली एक 'गारवा देणारी' चादर आमच्याकडे आहे, १,८०० रुपयांची. पहिली पाच मिनिटं गार लागते, मग अंगाखाली तापते. घाम शोषत नाही, त्याची तळी होतात. नाव लिहीत नाही, पण अशी चादर घेण्याआधी कापडात काय आहे ते वाचा. गळ्यात घालायचा पंखाही घेतला होता. यांची मान आधीच पुढे झुकलेली, त्यात ते वजन नको झालं. भाच्याला देऊन टाकला. पावडर लावू नका. घामात तिचे गोळे होतात आणि फरशीवर सांडली तर पाय घसरतो. काखेत लावायचं घामरोधक रोल-ऑन काखेपुरतं ठीक आहे, पाठ आणि डोकं भिजतं त्याला त्याचा काय उपयोग.

दोन गोष्टी सांगितल्याशिवाय हे संपवणार नाही, त्या बंडीपेक्षा मोठ्या आहेत.

एक म्हणजे घाम आटवणारी गोळी. आमच्या ओळखीतल्या एकांनी सुचवलं, थरथरीसाठी जी ट्रायहेक्सिफेनिडिल देतात तिने घाम बंद होतो, ती घ्या. आम्ही डॉक्टरांना विचारलं. ते खुर्चीत पुढे सरकून बोलले. तिने घाम कमी होतो हे खरं, आणि म्हणूनच नागपूरच्या मेमध्ये, ४५ अंशांत, ती धोक्याची. घाम ही शरीराची उष्णता बाहेर टाकायची वाट आहे. ती बुजवली तर उष्माघात होऊ शकतो. शिवाय म्हाताऱ्या माणसाला त्या गोळीने गोंधळल्यासारखं होतं, विसरायला होतं, लघवी अडते. ज्यांना ती आधीपासून चालू आहे त्यांनी उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्यावं, आणि उन्हात अंग तापलेलं पण कोरडं दिसलं तर ते चांगलं लक्षण समजू नये.

दुसरं, "औषधं गरम पडतात." हे आमच्याकडे घरोघरी ऐकू येतं. गोळ्यांची गरमी झाली, चार दिवस बंद ठेवा, सब्जा द्या, गुलकंद द्या. सब्जा आणि गुलकंद खुशाल द्या. लेव्होडोपा एकदम बंद करू नका. एकदम बंद केली तर प्रचंड ताप, लाकडासारखं जखडलेलं अंग, भ्रमिष्टपणा असं होऊ शकतं आणि ते जिवावर बेततं. तशी लक्षणं दिसली तर थांबायचं नाही, सरळ दवाखाना. माझ्या सख्ख्या जावेने हा सल्ला मला प्रेमाने दिला होता, मी तिला हेच सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

पाण्याचं थोडक्यात. घाम आला त्या रात्रीच्या सकाळी आम्ही कैरीचं पन्हं, चिमूटभर मीठ घालून देतो. ज्यांना रक्तदाब किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी मिठाचं विचारून घ्यावं. दूध-दही-ताक गोळीबरोबर देत नाही, मध्ये तासाभराचं अंतर ठेवतो, कारण प्रथिनं लेव्होडोपाच्या वाटेत येतात. बायकांना कंपवात असेल आणि वय पन्नाशीचं असेल, तर वाफा आजाराच्या की पाळी जाण्याच्या, हे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मेंदूविकारतज्ज्ञ दोघांनाही विचारावं. दोन्ही एकत्रही असू शकतात, आणि बाई बोलली नाही तर कुणी विचारत नाही.

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारखे गट आहेत, तिथे लोक या गोष्टी मोकळेपणाने बोलतात. घाम हा लाजायचा विषय आहे असं यांना सुरुवातीला वाटायचं. लग्नाला जायचं नाही, गणपतीत आरतीला उभं राहायचं नाही, लोक म्हणतील वास येतो. यंदा गणपतीत यांनी सदऱ्याखाली बंडी घातली. आरती चालू असताना घाम आला. हे आतल्या खोलीत गेले, मी मागून गेले, बंडी बदलली, हे परत येऊन उभे राहिले. मंत्रपुष्पांजली सुरू व्हायच्या आत.

बंडीच्या उणिवा पुन्हा एकदा. मलमल नाजूक आहे, साठ-सत्तर धुण्यांनंतर खांद्यावर विरते. वॉशिंग मशीनमध्ये जाळीच्या पिशवीतच टाका. पावसाळ्यात कमी पडते. पाहुण्यांसमोर नुसती घालून बसता येत नाही, आरपार दिसते. आणि शिवून देणारा तुमचं ऐकणारा हवा. ज्याला "रेडिमेड घ्या ना" म्हणायची सवय आहे, त्याच्याकडे जाऊ नका. गुण द्यायचे तर पाचपैकी साडेचार, पावसाळ्यातले तीन.

थंडीचं मात्र अजून जमलेलं नाही. डिसेंबरच्या रात्री घाम येतोच, आणि तेव्हा मलमलवर स्वेटर घातला तर तो भिजतो, नाही घातला तर हे कुडकुडतात. बाहेरून फ्लॅनेल आणि आतून मलमल, मध्ये टिचबटणांनी जोडलेली, म्हणजे आतली तेवढी काढून बदलता येईल, असं काहीतरी माझ्या मनात आहे. टेलरभाऊ म्हणतात, दोन कापडं वेगवेगळी आटतील, पीळ पडेल. मी दोन्ही कापडं काल भिजत घातली आहेत. आज वाळली की मापून त्यांच्याकडे घेऊन जाते.